'पर्यावरणपूरक दफन' किती जुनं? एका टोपलीवजा शवपेटीचा इतिहास

शोधनिबंधासाठी विषय ठरला की पुढचा प्रश्न हमखास येतो: याचा इतिहास सुरू कुठून करायचा? बहुतेक जण एक सोपी वाट धरतात. आजचा एखादा शब्द घ्यायचा, त्यासारखं काही जुनं सापडतंय का ते बघत मागे मागे जायचं, आणि जो सर्वांत जुना माणूस सापडेल त्याला 'आद्य प्रवर्तक' म्हणून टाकायचं. प्रकरण पहिलं तयार! या वाटेवर काय काय हातातून निसटतं, ते आज एका उदाहरणातून बघू. उदाहरण थोडं अनोळखी आहे, ब्रिटनमधलं आहे. पण शेवटी आपण महाराष्ट्रातही येणार आहोत.

आज या शब्दाचा अर्थ काय?

१९९३ साली इंग्लंडच्या उत्तर टोकाला असलेल्या कार्लाइल शहराच्या नगरपालिकेने आपल्या दफनभूमीत एक वेगळा भाग सुरू केला. तिथली व्यवस्था बघणाऱ्या केन वेस्ट या अधिकाऱ्याची ही कल्पना. या भागात संगमरवरी थडगी नाहीत. कबरीजवळ झाड लावायचं, आणि कालांतराने तिथे जंगल उभं राहू द्यायचं. आधुनिक 'वनदफना'ची सुरुवात इथून मानली जाते. आज ब्रिटनमध्ये अशा अडीचशेहून जास्त जागा आहेत.

या दफनाचे नियम ढोबळमानाने असे. देह टिकवण्यासाठी फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं वापरायची नाहीत. पेटी कुजणारी हवी: पुठ्ठ्याची, लोकरीची, किंवा विलोच्या लवचीक काटक्यांची, बुरुडाने टोपली विणावी तशी विणलेली. पेटी नको असेल तर नुसतं कफनही चालतं. वर सिमेंट नाही, फरशी नाही. हवा, ओलावा आणि जिवाणू देहापर्यंत पोचले पाहिजेत, म्हणजे माती आपलं काम लवकर करते.

आता समजा, तुम्हाला या विलोच्या पेटीचा इतिहास लिहायचाय. शोधायला लागलात की लगेच एक नाव हाती येतं: फ्रान्सिस सीमोर हेडन, साल १८७५. त्यानेही विणलेल्या पेट्यांचाच आग्रह धरला होता. झालं की! 'पर्यावरणपूरक दफनाचा जनक: सीमोर हेडन.'

थांबा. त्याच्याही मागे जाऊ, म्हणजे अडचण कुठे आहे ते कळेल.

लोकरीचं कफन

सतराव्या शतकात इंग्लंडच्या संसदेने एक कायदा केला: मृतदेह लोकरीच्या कापडातच पुरला पाहिजे. पहिला कायदा १६६६ चा. तो लोक पाळेनात म्हणून १६७८ मध्ये आणखी कडक केला. लोकरच वापरली असं शपथपत्र द्यायचं, नाहीतर पाच पौंड दंड. त्यातला अर्धा गरिबांसाठी आणि अर्धा चुगली करणाऱ्याला. कायदा पुस्तकातून निघाला तो थेट १८१४ मध्ये.

आज यॉर्कशायरमध्ये लोकरीच्या शवपेट्या बनतात आणि 'निसर्गस्नेही' म्हणून विकल्या जातात. साहित्य तेच, पुरण्याची क्रिया तीच. मग १६७८ च्या संसदेला आपण पर्यावरणवादी म्हणायचं का? अर्थातच नाही. त्या कायद्यामागे देशी लोकरीच्या धंद्याची काळजी होती. परदेशी लिननवर पैसा जाऊ नये, एवढाच हिशोब. इथे कोणीच फसत नाही, कारण कायद्यातच उद्देश लिहिलाय. पुढच्या उदाहरणात मात्र फसायला होतं.

लोखंडी पेटीचा खटला

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये प्रेतचोरांचा सुळसुळाट होता. शरीररचना शिकवणाऱ्या शाळांना प्रेतं हवी असायची आणि कायदेशीर पुरवठा अगदी तुटपुंजा. मग रात्री ताज्या कबरी उकरल्या जायच्या. या भीतीवर उपाय म्हणून बाजारात लोखंडी शवपेट्या आल्या.

१८२० च्या सुमारास होबर्न भागातल्या एका बाईचा देह अशाच लोखंडी पेटीत आणला गेला. चर्चच्या व्यवस्थापकांनी पुरायला नकार दिला. प्रकरण चर्चच्या न्यायालयात गेलं. 'गिल्बर्ट विरुद्ध बझर्ड' या नावाने तो खटला आजही कायद्याच्या पुस्तकांत सापडतो. न्यायाधीश होते सर विल्यम स्कॉट.

स्कॉट यांनी एक साधा पण खोल मुद्दा मांडला. दफनभूमी कोणत्याही एका पिढीच्या मालकीची नाही. जे आज जिवंत आहेत त्यांचा आणि जे अजून जन्मायचे आहेत त्यांचाही तिच्यावर हक्क आहे. लाकडी पेटी कुजते, देह मातीत मिसळतो, जागा पुन्हा मोकळी होते. लोखंडी पेटी मात्र जागा अडवून बसते. म्हणून निकाल असा: लोखंडी पेटीवर बंदी घालता येणार नाही, पण तिच्यासाठी चर्च जास्त शुल्क घेऊ शकतं.

वाचताना अंगावर काटा येतो ना? 'पुढच्या पिढ्यांचा हक्क' ही तर आजच्या पर्यावरणवादाची भाषा! इथेच संशोधकाने सावध व्हायचं. स्कॉट यांच्यासमोर प्रश्न होता एका पॅरिशच्या चार भिंतींआडच्या अपुऱ्या जागेचा. माती, पाणी, झाडं, हवा यांचा त्यात विषय नव्हता. विचाराचा एक धागा आजच्यासारखा आहे, हे नक्की नोंदवा. पण धागा म्हणजे अख्खं कापड नव्हे.

आणि एक गोष्ट इथे अधोरेखित करून ठेवा, पुढे लागणार आहे. त्या घराला लोखंडी पेटी का हवी होती? दिखाव्यासाठी नव्हे. देह चोरीला जाईल या भीतीने.

दुर्गंधीची भीती

पुढची वीस वर्षं झपाट्याने ओलांडू. लंडनची लोकसंख्या वाढत गेली आणि शहरातल्या जुन्या दफनभूम्या तुडुंब भरल्या. जॉर्ज वॉकर या सर्जनने १८३९ मध्ये त्यांची वर्णनं छापली. एनॉन चॅपल या प्रार्थनास्थळाच्या लाकडी जमिनीखाली, तळघरात, हजारो प्रेतं कोंबली होती आणि वर प्रार्थना चालायची. १८४३ मध्ये एडविन चॅडविकने शहरांतल्या दफनावर सरकारसाठी खास अहवाल लिहिला. कुजणाऱ्या देहांतून निघणारी दूषित हवा रोग पसरवते, हे त्याचं ठाम मत. जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता. त्यानंतर कॉलऱ्याची साथ आली आणि १८५० च्या दशकातल्या कायद्यांनी शहरातल्या जुन्या दफनभूम्या बंद होऊन नव्या दफनभूम्या बाहेर गेल्या. १८५४ मध्ये ब्रुकवुडला एवढी मोठी दफनभूमी सुरू झाली की लंडनहून तिथे प्रेतं न्यायला वेगळी रेल्वेगाडी होती.

या काळातला प्रश्न एका वाक्यात सांगायचा तर: मृतांपासून जिवंतांना कसं वाचवायचं? आजचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या अंत्यसंस्कारांपासून जमिनीला आणि हवेला कसं वाचवायचं? बाण उलट दिशेने वळलाय. 'पर्यावरण' हा एकच शब्द दोन्हीकडे चिकटवला की हा फरक दिसेनासा होतो.

दोन सर्जन, दोन उपाय

आता हेडनकडे येऊ. त्याला समजून घ्यायला त्याचा प्रतिस्पर्धी आधी बघावा लागतो.

सर हेन्री थॉम्पसन हा राणी व्हिक्टोरियाचा सर्जन. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्याने ब्रुनेत्ती या इटालियन प्राध्यापकाच्या दाहिनीचं प्रारूप बघितलं, आणि जानेवारी १८७४ मध्ये दहनाच्या बाजूने लेख लिहिला. मातीला जे करायला वर्षं लागतात ते अग्नी काही तासांत, रोगराई न पसरवता करतो, असा त्याचा दावा. राखेचा खत म्हणून उपयोग होईल, हा हिशोबही त्याने मांडला! त्याच वर्षी इंग्लंडची 'क्रिमेशन सोसायटी' स्थापन झाली.

हेडनही सर्जनच, शिवाय नावाजलेला एचिंगकार, चित्रकार व्हिस्लरचा मेव्हणा. १८७५ मध्ये त्याने 'द टाइम्स'ला पत्रं लिहून थॉम्पसनला उत्तर दिलं. त्याचा युक्तिवाद असा: दोष मातीचा नाहीच, दोष आपला. आपण देह शिशाच्या आणि जाड लाकडाच्या पेटीत बंद करतो, विटांच्या खोलीत ठेवतो, आणि मातीला तिचं काम करू देत नाही. मधला अडसर काढा, माती देहाचं निरुपद्रवी रूपांतर करते. मग जाळायची गरजच काय? वर त्याने वैद्यकीय-कायदेशीर मुद्दाही काढला: जाळल्यावर विषप्रयोगाचा पुरावा नाहीसा होतो.

जून १८७५ मध्ये लंडनच्या स्टॅफर्ड हाउस या उमरावाच्या प्रासादात हेडनच्या विणलेल्या शवपेट्यांचं प्रदर्शन भरलं. आत शेवाळ, नेचे, सुवासिक पाला भरायचा, अशी ती कल्पना. पुढे लंडन नेक्रोपोलिस कंपनीने याच विचारावर कागदाच्या लगद्याच्या 'अर्थ टू अर्थ' पेट्या विकायला काढल्या.

दोघांची मांडणी शेजारी ठेवून बघा. निदान एकच: शिसं, ओक आणि विटा यांनी घोळ केलाय. उपाय मात्र उलटे. आणि दोघंही एकाच भाषेत बोलतायत: आरोग्य, स्वच्छता, विज्ञान. हेडनला 'हिरवा' म्हणायचं तर त्याच निकषाने थॉम्पसनलाही म्हणावं लागेल, कारण त्या काळी दहन हाच आधुनिक आणि स्वच्छ मार्ग म्हणून मांडला जात होता.

पुढे जिंकलं कोण? थॉम्पसन. १८८४ मध्ये वेल्समधल्या डॉ. विल्यम प्राइस यांच्यावर स्वतःच्या तान्ह्या मुलाचा देह जाळण्याचा प्रयत्न केला म्हणून खटला झाला. न्यायमूर्ती स्टीफन यांनी निर्णय दिला की लोकांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नाही. (भारतीय पुरावा कायदा, १८७२ चा मसुदा करणारे स्टीफन ते हेच.) १८८५ मध्ये वोकिंगच्या दाहिनीत पहिलं दहन झालं, त्या वर्षात एकूण फक्त तीन. १९०२ मध्ये दहनाचा कायदा आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये दहनांची संख्या दफनांपेक्षा जास्त झाली.

आणि मग चक्र फिरलं. या दाहिन्या बहुतेक गॅसवर चालतात. शिवाय मृतांच्या दातांत भरलेल्या चांदीच्या मिश्रणातला पारा धुरातून बाहेर पडतो. तो कमी करण्यासाठी २०१२ पर्यंतचं उद्दिष्ट ठरवावं लागलं. एकेकाळचा 'स्वच्छ' उपाय आता प्रश्न झाला, आणि कार्लाइलमध्ये लोक पुन्हा मातीकडे वळले.

टोपली कोणाला नको होती?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. 'जनक' शोधणाऱ्या इतिहासात नेमका तोच गळतो.

स्टॅफर्ड हाउसमधलं प्रदर्शन बघायला आलेल्या सरदार-दरकदारांसाठी साधी पेटी म्हणजे सुरुची. पण त्याच लंडनमध्ये असे हजारो लोक होते ज्यांना आपल्या मयताला साधी पेटी मिळेल याचीच धास्ती होती. का?

१८३२ मध्ये शरीररचनाशास्त्राचा कायदा झाला. प्रेतचोरी थांबावी म्हणून आणलेला. त्यानुसार अनाथालयवजा 'वर्कहाउस'मध्ये मेलेल्या, कोणी दावा न केलेल्या गरिबांचे देह विच्छेदनासाठी देता येऊ लागले. म्हणजे लोखंडी पेटीमागची भीती संपली नाही, ती फक्त गरिबांच्या वाट्याला आली. पैसे नसतील तर पातळ फळ्यांची पेटी, नाव नसलेली कबर, एकावर एक रचलेली अनोळखी माणसं. हे टाळण्यासाठी कामगार कुटुंबं पोटाला चिमटा काढून दर आठवड्याला 'बरियल क्लब'मध्ये पेनी-दोन पेनी भरायची. चॅडविक आणि इतर सुधारक या खर्चाला उधळपट्टी म्हणत. पण ज्या बाईने भाकरीतून वाचवलेले पैसे ओक लाकडाच्या पेटीसाठी ठेवले, तिला विचारलं असतं तर?

रूथ रिचर्डसन यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात या कायद्याचा इतिहास गरिबांच्या बाजूने लिहिला, आणि दफनाच्या इतिहासाकडे बघण्याची दिशाच बदलली. पुढे ज्युली-मेरी स्ट्रेंज यांनी २००५ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं: गरिबांचा शोक फक्त अब्रूच्या भाषेत मोजू नका, त्यामागे प्रेम आणि दुःखही आहे. दोन्ही पुस्तकं मिळवून वाचा. सुधारकांच्याच कागदपत्रांतून, त्यांच्या विरोधातला आवाज कसा ऐकायचा, हे त्यांतून शिकता येतं.

म्हणून १८७५ ची टोपली आणि १९९३ ची टोपली यांतला खरा फरक विणकामात नाही, निवडीत आहे. ज्याच्याकडे दुसरा पर्याय असतो त्याचा साधेपणा म्हणजे मूल्य. ज्याच्याकडे तो नसतो त्याचा साधेपणा म्हणजे लादलेली अवस्था. पेटी एकच.

आजच्या वनदफनालाही हे लागू आहे. झाडाखाली पुरलं म्हणजे आपोआप निसर्गाचं भलं झालं, असं नाही. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान २५० मीटर अंतर ठेवावं, असं इंग्लंडमधल्या पर्यावरण खात्याचं मार्गदर्शन होतं. जागा कुठे, किती दूर, तिथे भेटायला जायचं तर गाडी लागते का, खर्च कोणाला परवडतो, हे प्रश्न 'हिरव्या' शब्दाखाली झाकायचे नाहीत.

आता आपल्याकडे

तुमच्यापैकी कोणाला हा विषय महाराष्ट्रात करायचा असेल तर सामग्री भरपूर आहे, आणि मोहही तेवढाच मोठा आहे. लिंगायत समाजात देह बसवून पुरतात. मुस्लिम समाजात कफनात गुंडाळून मातीत ठेवतात. दशनामी गोसाव्यांत समाधी देतात. शिसं नाही, ओक नाही, फॉर्मल्डिहाइड नाही. 'आपल्याकडे पर्यावरणपूरक दफन शेकडो वर्षं होतं' हे वाक्य लेखणीच्या टोकावर येऊन बसतंच. ते लिहू नका. या प्रत्येक प्रथेला स्वतःचा धार्मिक अर्थ आहे, ती पाळणाऱ्यांची स्वतःची कारणं आहेत. त्यांना कार्लाइलच्या फूटपट्टीने मोजलं की तीच कारणं पुसली जातात.

उलट दिशेने विचारून बघा. जुनी भीती नव्या काळात कशी परत येते? मार्च २०२० मध्ये मुंबई महापालिकेने कोविडने मरण पावलेल्या सर्वांचं, धर्म कोणताही असो, दहनच करावं असं परिपत्रक काढलं आणि ते लगेच मागे घ्यावं लागलं. त्यानंतर वांद्र्याच्या कब्रस्तानात अशा दफनांना विरोध करणारी याचिका उच्च न्यायालयात गेली. मे २०२० मध्ये न्यायालयाने ती फेटाळली: अशा दफनातून संसर्ग पसरतो याला वैज्ञानिक आधार नाही. १८४३ चा चॅडविक आणि २०२० चं वांद्रे यांत थेट नातं आहे, असं मी म्हणत नाही. पण 'दफनभूमीतून रोग येतो' ही कल्पना शहरात कोणाच्या मनात, कोणाच्या दफनभूमीबद्दल जागी होते, हा प्रश्न संशोधनाचा आहे. परिपत्रकं, याचिका, निकालपत्रं, वर्तमानपत्रं: साधनंही हाताशी आहेत.

तुमच्या आराखड्यासाठी तीन प्रश्न

विषय दफनाचा नसला तरी चालेल. शेतीतलं 'सेंद्रिय' घ्या, घरबांधणीतलं 'पारंपरिक' घ्या, आहारातलं 'शुद्ध' घ्या. आजचा शब्द मागे नेण्याआधी प्रत्येक टप्प्यावर हे तीन प्रश्न विचारा.

एक, या माणसाला भीती कशाची होती? १६७८ मध्ये धंदा बुडण्याची, १८२० मध्ये देह चोरीला जाण्याची आणि जागा संपण्याची, १८४३ मध्ये दूषित हवेची, १८७५ मध्ये मातीचं काम अडल्याची, १९९३ मध्ये जमीन आणि हवा बिघडण्याची. भीती लिहून काढली की सारखेपणाचा भ्रम आपोआप गळतो.

दोन, तो कोणाशी भांडत होता? थॉम्पसनशिवाय हेडन कळत नाही. एकट्या माणसाचा लेख वाचून प्रकरण लिहू नका. त्याच वर्षीचं विरोधातलं पत्र शोधा.

तीन, हा उपाय कोणाला नको होता, आणि त्यांचं म्हणणं कोणत्या कागदात अडकून पडलंय? क्लबची वर्गणीवही, वर्कहाउसची नोंद, एखाद्या अहवालात तक्रारीच्या सुरात आलेलं एक वाक्य. उत्तर बहुतेक वेळा अशाच ठिकाणी असतं, आणि प्रबंधातला तुमचा स्वतःचा मुद्दाही तिथूनच निघतो.

हेडनला प्रबंधातून काढून टाका, असं मी म्हणत नाही. त्याला ठेवा. फक्त त्याच्या नावापुढचं 'जनक' खोडा आणि तिथे त्याचं भांडण लिहा. मार्गदर्शकांनी 'या विषयात नवीन काय?' असं विचारलं, तर बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल.